हळूमधला ळ

बहरीनमध्ये थंडी आली हे मला अंगाआधी कानाला कळतं. उन्हाळाभर माहूजमधल्या आमच्या इमारतीचे सगळे एसी एकदम घरघरत असतात. त्या आवाजात माणूस बायकोशीसुद्धा ओरडूनच बोलतो. मग नोव्हेंबरच्या आसपास एका सकाळी उत्तरेचा वारा सुटतो, चिकट हवा कुठल्या कुठे जाते आणि खिडक्यांतले एसी एकेक करून बंद होतात. खालच्या गल्लीत कोणी थर्मासचं झाकण फिरवलं तरी वर ऐकू येतं. लांबच्या मोकळ्या प्लॉटवरून बॉल भिंतीवर आपटल्याचा आवाज येतो. धप्. जरा थांबून पुन्हा धप्.

तो आवाज आला की माझं डोकं फिरतं. इतकी वर्षं झाली, अजून फिरतं.

मालती, माझी बायको, हे ओळखते. यंदा चहा गाळता गाळता म्हणाली, "सुरू झाला वाटतं तुमचा सीझन. फुटबॉलचा म्हणू की भांडणाचा?"

"दोन्ही एकच," मी म्हटलं.

बुदैयाचा रस्ता संपत येतो तिथून डावीकडे कच्च्या वाटेने गेलं की खजुराच्या बागांमागे एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्या गावाने आपल्या क्लबची गोष्ट सांगताना माझं नाव घेतलं नाही, मग मी त्याचं का घेऊ? नुसतं 'गाव' म्हणतो. ज्याला कळायचं त्याला कळेल.

मी मूळचा लांज्याकडचा. काथ्याचा दोर वळताना बघत मोठा झालो, आणि इथे येऊनही नशिबात दोरच आला. आधी मनामाच्या बाजारात दुसऱ्याच्या दुकानात दोराची वेटोळी खांद्यावरून वाहिली, मग अरब भागीदाराच्या नावावर स्वतःचं दुकान टाकलं. दोर, मासेमारीची जाळी, ताडपत्री, होड्यांचा रंग. सत्तरच्या दशकाची ती मधली वर्षं. सगळीकडे खणलेलं, सगळीकडे सिमेंट, ज्याला त्याला श्रीमंत व्हायची घाई. शुक्रवारी दुकान बंद ठेवायचं आणि मी पिकअपमध्ये जाळी भरून किनाऱ्याच्या गावांतून विकायला निघायचो. तेव्हा त्या रस्त्याला आजच्यासारखे बंगले नव्हते. दोन्ही बाजूंना खजूर, मधून पाण्याचे पाट, आणि नुकत्याच कापलेल्या लसूणघासाचा असा हिरवा वास की डोळे मिटले तर आपण आपल्याकडच्या एखाद्या मळ्यात आहोत असं वाटावं. मग डोळे उघडायचे, कारण समोर गाढवाची गाडी आलेली असायची.

गावात माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हाजी. म्हातारा मासेमार, तोंडात एकही दात नाही, पण जीभ तासून धार लावलेली. तरुणपणी गलबतावरून आपल्या कोकण किनाऱ्यापर्यंत जाऊन आलेला, त्यामुळे त्याला गलबतावरचं हिंदी येत होतं. माझं जाळं बोटांनी ताणून बघितलं आणि म्हणाला, "तुम चोर हय."

"चोराच्या गाडीपाशी मग कशाला आलास?" मी त्याच्याच हिंदीत विचारलं.

"देखने को. अच्छा चोर हय के खराब चोर हय."

दुपार होईपर्यंत आम्ही घासाघीस केली. दोनदा मी जाळं गाडीत परत टाकलं, दोनदा तो पाठ फिरवून चालायला लागला. शेवटी सौदा झाला तेव्हा दोघेही दमलो होतो, आणि मनातून खूश होतो. त्याने मला चहा पाजला, त्या बारीक कमरेच्या छोट्या काचेच्या पेल्यातून, आणि म्हणाला, "चल, मेरा लडका खेलता हय."

मैदान म्हणजे बागा आणि समुद्र यांच्यामधली खारट, पांढुरकी जमीन. भरती असली की जोरात मारलेला बॉल पाण्यात जायचा आणि कोणीतरी चड्डी सावरत गुडघाभर पाण्यातून तो आणायला निघायचा. तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंचे खेळाडू एकत्र बसून खजूर खायचे. बागांच्या बाजूच्या गोलकीपरला दुपारनंतर खेळ नीट दिसायचाच नाही, कारण पाण्यावरचं ऊन सरळ डोळ्यांत. हाजीचा मुलगा हसन कप्तान होता. आठवडाभर सित्र्याला रिफायनरीत कामाला, कंपनीच्या बसने जा-ये, आणि शुक्रवारी इथे. तिसऱ्या गटातला, सगळ्यांत खालचा क्लब. शहरातले संघ खेळायला आले की मुद्दाम नाकाला रुमाल लावून उतरायचे. मासळीचा वास येतो म्हणे.

त्या दिवशी बॉल खांबाच्या आतून गेला की बाहेरून यावर एवढं भांडण झालं की मॅच तिथेच मोडली. गोलला जाळी नव्हती. मी हाजीला म्हटलं, जाळी मी देतो.

त्याचे डोळे लगेच बारीक झाले. "कितना?"

"पैसे नकोत. त्या फळीवर बसायला जागा पाहिजे. दर शुक्रवारी."

ती फळी म्हणजे मोडलेल्या होडीचा तुकडा, दोन तेलाच्या पिंपांवर ठेवलेला. राखीव खेळाडू, पाण्याचा माठ आणि गावातले दोन-चार मोठे लोक एवढेच तिथे बसायचे. हाजीला वाटलं मी चेष्टा करतोय. पण मालती अजून गावीच होती. मी बाजारामागच्या एका खोलीत एकावर एक लावलेल्या खाटांवर झोपणाऱ्या माणसांत राहत होतो. या देशात मला उभं राहायला खूप जागा होत्या. काउंटरमागे, रांगेत, दुसऱ्याच्या दारात. 'तू इथे कशाला बसलास' असं कोणी विचारणार नाही अशी मात्र एकही नव्हती. मी ती मागून घेतली नाही, सौदा करून घेतली.

"बस?" हाजी म्हणाला.

"बस," मी म्हणालो.

बस हा शब्द त्याच्या अरबीत आणि माझ्या मराठीत एकच. एवढंच, पुरे. माझ्या मराठीत त्याचा आणखी एक अर्थ होतो, तोही मी त्याला सांगितला. तो खो-खो हसला आणि फळीवर हात आपटून म्हणाला, "बस! बस!"

त्या हिवाळ्याचा वास माझ्या नाकात अजून आहे. ओली माती, खारं पाणी, माठाजवळ कापलेल्या लिंबांच्या साली, खेळाडूंच्या पायांना चोळलेलं कसलंसं तेल. फळी दुपारी उन्हाने तापलेली असायची आणि संध्याकाळी समुद्राच्या वाऱ्याने गार पडायची. मला फुटबॉलमधलं फार काही कळत नव्हतं. एक गोष्ट मात्र दिसत होती. आमची पोरं घाई करत होती. बॉल पायात आला की वेड्यासारखी पळायची. बाजारात जो घाई करतो तो लुटला जातो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून मी फळीवरून ओरडायचो, "हळू! अरे हळू!"

मी ओरडलो की ती आणखी जोरात पळायची. मला कळेना. मी आणखी ओरडायचो, ती आणखी पळायची.

एकदा हसनने अगदी मोकळा बॉल गोलच्या वरून समुद्रात घालवला. तो मारायच्या आधीपासून मी बोंबलत होतो, "हळू! हळू!" बॉल पाण्यात पडला आणि हसन वळला तो सरळ माझ्या अंगावर आला. माझी कॉलर धरली. अरबीत काय काय बोलला. मीही कमी नव्हतो, मी त्याची जर्सी धरली आणि लांज्याच्या भाषेत जे येत होतं ते सगळं दिलं.

त्या दिवशी माझ्याबरोबर इब्राहीमभाई आले होते म्हणून बरं. रत्नागिरीकडचे, बाजारात एका कचेरीत कारकून, अरबी पाण्यासारखं बोलणारे. ते आम्हाला सोडवायच्या ऐवजी वाळूत बसून पोट धरून हसत होते.

"अरे बाळकृष्णा," ते म्हणाले, "तू त्याला काय ओरडतोस?"

"हळू म्हणतोय! सावकाश!"

"आणि तो काय ऐकतोय माहीत आहे? हेलू! अरबीत हेलू म्हणजे गोड, झकास. त्याचा बॉल समुद्रात गेला आणि तू वाहवा करतोयस. मारेल नाही तर काय करेल?"

म्हणजे इतके शुक्रवार मी थांबवत होतो आणि ते शाबासकी समजून पळत होते. सगळं मैदान हसलं. हाजी हसता हसता खोकायला लागला. हसनने कॉलर सोडली, पण गुर्मी सोडली नाही. म्हणाला, "मग नीट बोल. आम्हाला कळेल असं."

"मी नीटच बोलतो," मी म्हटलं. "तुम्ही नीट ऐका. हेलू वेगळं, हळू वेगळं. त्यात ळ आहे."

ळ त्यांच्या भाषेत नाही. माझं घरचं नाव बाळू, तेही ते बालू म्हणायचे. मग फळीवर शाळा भरली. जीभ उलटी वळवा, टाळूला लावा, सोडा. कोणी हड्डू म्हणे, कोणी हर्रू. एकाच्या घशातून असा काही आवाज आला की माठाजवळची मांजर पळाली. सगळ्यांत आधी जमलं हाजीला. त्याने बोळकं उघडलं आणि स्वच्छ म्हणाला, "हळू." इब्राहीमभाई म्हणाले, "साहजिक आहे. ल म्हणायला दात लागतात, याच्याकडे ते नाहीत." पुढच्या शुक्रवारपर्यंत सगळा संघ ळ म्हणत होता. दोन-तीन आठवड्यांनी कडेला उभं राहणारं गावसुद्धा.

मग मजा सुरू झाली. फळीवरून हळू आला की आमचा खेळाडू बॉल पायाखाली दाबून थांबायचा, मान वर करायचा, बघायचा. समोरचे मात्र हेलू ऐकायचे. त्यांना वाटायचं गाव नुसतं कौतुक करतंय. नाकाला रुमाल लावून आलेले संघ आमच्या तोंडासमोर आमचा बेत ऐकत होते आणि त्यांना तो गोड वाटत होता. एकेक करून त्यांना आम्ही हरवून परत पाठवलं. मी 'आम्ही' म्हणतोय. म्हणणारच.

तिसऱ्या गटातून वर जायचं ठरवणारी मॅच आमच्याच मैदानावर होती. बरोबरी चालणार नव्हती, जिंकायलाच हवं होतं. क्लबला तेव्हा नवा सेक्रेटरी आला होता. गावचाच, शिकलेला, शहरात नोकरीला, शर्टाला कडक इस्त्री. गोड बोलायचा. मॅचच्या आधी तो माझ्या दुकानात आला. मोठे लोक येणार, मैदानाभोवती दोर बांधायचा आहे. मी चांगला दोर काढून दिला. पांढरा, मध्ये एक निळा पदर असलेला. टोकं सुटू नयेत म्हणून माझ्या हाताने गुंडाळून दिली. मी विचारलं, "दोर कशाला?" तो म्हणाला, "बाहेरचे लोक आत येऊ नयेत म्हणून."

शुक्रवारी मी फळीकडे निघालो तर त्याने मला हाताने थांबवलं.

"बालू, तिकडे उभा राहा. दोरामागे."

"माझी जागा फळीवर आहे."

"नियम आहे. फळीवर फक्त क्लबचे मेंबर."

"मग मेंबर करा. काय लागेल ते सांगा."

"पासपोर्ट," तो म्हणाला, अगदी हळू आवाजात. "बहरीनचा."

मी बाजारात लोखंडासारखी माणसं वाकवली आहेत. प्रत्येक किमतीला उलट किंमत असते असं मी मानत आलो. त्या दिवशी समोरच्याने सांगितलेल्या किमतीला उलट किंमत नव्हती. हसन मैदानाच्या मध्यावर होता, त्याला काही दिसलं नाही. मी दोरामागे जाऊन उभा राहिलो. हात दोरावर होता. निळा पदर माझ्या बोटाखाली.

मी ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही. पळू देत घाई करून. हरू देत.

आणि ते पळत होते. मोठे लोक बघतायत म्हणून जास्तच. एक-एक झालं होतं, वेळ संपत आली होती. ऊन समुद्राकडून तिरकं आलं होतं आणि हसन बॉल घेऊन आंधळ्यासारखा घुसत होता, प्रत्येक वेळी तो गमावत होता. माझे जबडे दुखायला लागले. गप्प राहणं इतकं अंगमेहनतीचं काम असतं हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात फळीवरून हाजी उठला. माझ्या दिशेने आला, दोराखालून वाकून बाहेर आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"जाली तुमारा," तो म्हणाला. "रस्सी तुमारा. और तुम इधर?"

"तुमच्या सेक्रेटरीला विचार."

"उसको क्या पूछना. हम भी इधर." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बोलो ना."

"नाही बोलणार."

हाजीने पहिल्या दिवशी जाळं बघितलं होतं तसं माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं आणि छाती फुटेल असा ओरडला, "हळू!"

हसन थांबला. बॉल पायाखाली. समोरचे दोघे त्याच्या अंगावर धावून आले आणि त्यांच्यामागे मोकळी जागा पडली, दुपारी बाजार बंद झाल्यावर गल्ली पडते तशी. त्याने बॉल तिथे नुसता सरकवला. आमचा एक जण पोचला, आणि माझ्या जाळीला पोट आलं.

त्यानंतर फोटो काढला. हसन मला ये म्हणून हात करत होता, "तआल, बाळू, तआल!" बाळू म्हणाला तो. बालू नाही. सेक्रेटरीने दोराकडे बघितलं. मी पिकअपकडे चालू लागलो. हाजी फोटोत मधोमध बसला आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाव त्याचं होतं. आता तो नाही, पण ळ काढायला लागलो की मला त्याचं बोळकं दिसतं.

पुढच्या आठवड्यात हसन दुकानात आला. "ये फळीवर. कोणी काही बोलणार नाही. मी बघतो."

"तू बघतोस म्हणजे मेहेरबानी झाली," मी म्हटलं. "माझा सौदा झाला होता. बस म्हणून झाला होता. मोडला तुम्ही."

"मग काय करू?"

"खुर्ची मी माझी आणतो. दोरामागे ठेवीन. ती हलणार नाही. हलवायचाच असेल तर दोर हलवा."

आणि मी आणली. घडीची लोखंडी खुर्ची, फळीच्या बरोबर समोर. तेव्हापासून दर हिवाळ्यात तिथेच. मालती आली, मुलगी झाली, बुदैयाच्या रस्त्याला बंगले उभे राहिले, समुद्रावरून सौदीला जायचा पूल झाला, क्लब दुसऱ्या गटात दोनदा आपटला आणि पुन्हा उठला. खुर्चीच्या चार पायांनी त्या खारट जमिनीत चार खळगे केले. मी तिथून ओरडतो. गाव माझ्याबरोबर ओरडतं. आत ये असं आग्रहाने सांगणारे सांगून थकले. मी रागीट आहे, हट्टी आहे, लोक म्हणतात ते सगळं आहे. पण हट्टाशिवाय माझ्यासारख्या माणसाकडे या देशात होतं तरी काय?

यंदा सीझनच्या तोंडावर इब्राहीमभाई दुकानात आले ते हसतच. रेडिओवर क्लबचा सेक्रेटरी बोलला म्हणे. विचारणाऱ्याने विचारलं, तुमचं गाव मॅचमध्ये हेलू हेलू का ओरडतं? तर हा म्हणाला, आमच्या गावाला सुंदर खेळ आवडतो, जुनी परंपरा आहे.

"तुझा ळ चोरीला गेला, बाळकृष्णा," इब्राहीमभाई म्हणाले. "आता काय करशील? तक्रार कोणाकडे? आम्हा कोकणी मुसलमानांच्या बोलीतसुद्धा तो नाही. आम्हीही हलूच म्हणतो."

त्या रात्री मी जेवताना घरात सांगत होतो, आवाज चढला होता. माझी मुलगी शुभा इंग्रजी शाळेत जाते. तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देते. म्हणाली, "बाबा, हेलू, हालू, व्हॉट्स द डिफरन्स?"

मालती माझ्याकडे बघायला लागली, आता भडकणार म्हणून. मी भडकलो नाही. घास हातात तसाच राहिला. माझ्या घरात, माझ्या पोरीच्या तोंडात तो ळ नाही. आणि खजुरांच्या बागांमागे एक गाव आहे, तिथली माणसं लांज्याला कधी गेली नाहीत, जाणार नाहीत, त्यांच्या पोराबाळांच्या तोंडात तो आहे. शब्द अरबी असता तर त्यांना जीभ उलटी वळवायची गरजच काय होती? रेडिओवर कोणाला काय सांगायचं ते सांगू दे. प्रत्येक शुक्रवारी अख्खं गाव तोंड उघडून माझ्या बाजूने साक्ष देतं.

गेल्या शुक्रवारी पहिली मॅच होती. वारा गार होता, समुद्र मागे सरलेला, ओल्या चिखलावर पांढरे पक्षी. मी खुर्ची काखेत मारून माझ्या जागेकडे गेलो आणि थांबलो.

दोर कोपऱ्यातून सरळ आला होता, माझ्या खळग्यांपर्यंत. तिथे नवी खुंटी ठोकलेली. तिथून दोर बाहेरच्या बाजूला वळून खळग्यांच्या मागून गेला होता, आणि पुढे दुसऱ्या खुंटीपाशी परत सरळ. जुनाच दोर, निळा पदर आता राखाडी झालेला. आजूबाजूला बरीच माणसं होती. हसन आता संघाला शिकवतो, पोट सुटलं आहे. तो उगाचच दुसरीकडे बघत बुटाची नाडी बांधत होता.

मी खुंटीपाशी वाकलो. गाठ कच्ची होती, जोराच्या वाऱ्यात सुटली असती. मी ती सोडली, दोर ताणला आणि नीट बांधली. मग त्याच चार खळग्यांत खुर्ची ठेवली आणि बसलो. मी तसूभर सरकलो नाही, हे सगळ्यांनी बघितलं आहे.

मॅच चालू झाली. नवी पोरं, तीच घाई. मी तोंड उघडायच्या आत कडेने आवाज उठला, पोरांचा, म्हाताऱ्यांचा, बागेच्या भिंतीवर बसलेल्यांचा, "हळू! हळू!" भरदार, वळलेल्या जिभेचा.

सेक्रेटरी माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला. त्याचेही केस पिकलेत. माझ्याकडे न बघता त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडला, "हेलू!"

"चूक," मी म्हटलं. "जीभ मागे वळव. पुन्हा."